न टोचता घेतलेलं माप

नवतपा लागला. सूर्य रोहिणीत गेला की पुढचे नऊ दिवस नागपूर तव्यावर चढतं, हे इथं पंचांग न उघडता कळतं. रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं. हँडलला फडकं गुंडाळल्याशिवाय सायकलला हात लावता येत नाही. माणसं डोक्याला ओला दुपट्टा बांधून, खिशात कांदा घालून बाहेर पडतात. ज्यांच्याकडे कूलर आहे ती वाळ्याच्या ताटीमागे बसून "यंदा जरा जास्तच आहे, नाही?" असं एकमेकांना विचारतात. दरवर्षी विचारतात. एका अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, उन्हाळ्यावर लिही, पण पत्रक नको, ललित हवं. त्यांच्या मनात मोगरा असणार, माठ असणार. मोगऱ्याशी माझं भांडण नाही. पण नवतपा लागला की मला आधी आठवते ती एक गार खोली, आणि ती आठवली की माझं डोकं तापतं.

आमची वस्ती हातमागवाल्यांची. ज्या खड्ड्यात पाय सोडून माग चालवायचा ते खड्डे तेव्हाच अर्ध्या घरांतून बुजले होते. वर शेणानं सारवून कुठं चूल आली होती, कुठं खाट. उरलेल्या घरांतून खटखट यायची, पण ती आता गल्लीभर पसरत नव्हती, त्या त्या घरापुरती राहिली होती. ज्यांचे माग बंद पडले त्यांतले काही गिरणीत लागले, काही सायकलरिक्षा ओढू लागले, काही नुसतेच पानठेल्यावर उभे राहू लागले. आणीबाणी उठून गेली होती. भिंतींवरची तेव्हाची शिस्तीची वाक्यं अजून पुरती पुसली गेली नव्हती. आम्ही वस्तीतल्या कामगार मंडळातली पोरं त्यांच्यावर आमची पत्रकं चिकटवायचो.

त्या उन्हाळ्यात पानठेल्याच्या पत्र्यावर आमचा नसलेला एक कागद दिसला. वर मोठ्या अक्षरांत: निरोगी माणसे पाहिजेत. खाली बारीक अक्षरांत बरंच काही. संशोधन, स्वेच्छा, शरीराच्या आपोआप चालणाऱ्या क्रियांचे मोजमाप. मग पुन्हा ठळक: सुई टोचली जाणार नाही, रक्त काढले जाणार नाही. खाली शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या विभागाचा पत्ता.

आमच्या शेजारचे वासुदेवकाका तोंडातला खर्रा गालात सारत म्हणाले, "वाच वं सुमे, काय लिवलं आहे?"

मी वाचून दाखवलं. सगळं, बारीक अक्षरांसकट.

"पाहिजेत असंच लिवलं आहे ना? मंग कामच असन."

"काका, तपासणी आहे नुसती. अभ्यासासाठी."

"हाव ना, मेडिकल. आधी मेडिकल, मंग भरती. बिनकामाचा माणूस कोणाले पाहिजे असते गा?"

पानठेल्यावरचे सगळे हसले, पण हसता हसता सगळ्यांनी तो पत्ता पाठ केला. यात त्यांचं काय चुकलं, हे मला अजून कोणी दाखवून द्यावं. आमच्या भिंतींवर 'पाहिजे' या शब्दाला एकच अर्थ होता. फिटर पाहिजे, हमाल पाहिजे, बदली कामगार पाहिजेत. आणि डॉक्टरनं छातीला नळी लावून 'खोकला येतो का, चक्कर येते का' असं विचारायचं, ते नोकरीला ठेवण्याआधी. एरवी आम्हाला ते कोण विचारतं?

माझा मोठा भाऊ नामदेव, त्याला मी दादा म्हणते, तो हसला नाही. त्यानं कागद दोनदा वाचला. दादा गिरणीत खळीच्या खात्यात होता. तिथं ताण्याच्या सुताला उकळती खळ चढवतात आणि वाफेनं तापवलेल्या मोठ्या पिंपांवरून फिरवून वाळवतात. बाहेर नवतपा आणि आत ते. पाळी सुटून बाहेरच्या लूमध्ये आलं की गार वाटतं, असं दादा म्हणायचा. आधी मला ती थट्टा वाटायची. दोन उन्हाळ्यांपासून त्याला एक नवीनच झालं होतं. बसलेला उठला की डोळ्यांपुढं काळं यायचं. भिंत धरायचा. कधी भिंत जवळ नसायची. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, त्याला म्हणायचा, "नामदेवराव, तुम्ही नाटक कंपनीत पाहिजे होते." कामचोर हा शब्द तो त्याच्या तोंडावर वापरायचा नाही, शेजारच्या माणसाला ऐकू जाईल असा वापरायचा. दादाला त्या वाफेतून बाहेर यायचं होतं. त्या उन्हाळ्यात त्याची दुसरी काही इच्छा मला आठवत नाही. म्हणून तोही निघाला, दुसरी नोकरी मिळेल म्हणून. विभागाच्या लोकांनी मंडळाला विचारलं होतं की यांच्या बोलीत समजावून सांगणारं कोणी मिळेल का. म्हणून मीही गेले.

त्या खोलीत पाऊल टाकलं आणि घाम जागच्या जागी गार झाला. भिंतीतून एक यंत्र घुंघुं करत थंड हवा सोडत होतं. आमच्या वस्तीतल्या कोणी तशी हवा तोवर अंगावर घेतलेली नव्हती. वासुदेवकाका दारातच थांबले. "बापा, इथं त माणूस मेला तरी दोन दिस टिकन," म्हणाले. हवा मात्र माणसांसाठी नव्हती. विभागाचे प्राध्यापक, शांत बोलणारे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ, त्यांनी समजावलं की तापमान कमीजास्त झालं की शरीर कमीजास्त होतं आणि मापं बिघडतात. मी म्हटलं, सर, हे लोक सारख्या तापमानात राहतच नाहीत. ते म्हणाले, "म्हणूनच तर." म्हणूनच तर काय, हे मला आजवर समजलेलं नाही.

मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं की माणसाच्या अंगात मज्जातंतूंचं एक जाळं असं असतं, ज्याच्यावर माणसाचा हुकूम चालत नाही. काळीज किती वेगानं चालावं, घाम कधी फुटावा, उभं राहिल्यावर रक्त डोक्यापर्यंत कसं पोचावं, हे सगळं ते जाळं परस्पर ठरवतं. त्याला स्वायत्त म्हणतात. आणि हे सगळं आता बाहेरून, न टोचता मोजता येतं.

स्वायत्त हा शब्द मी आमच्या पत्रकांत पुष्कळदा लिहिला होता. शरीराच्या बाबतीत तो मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी बोलीत सांगितलं, "आपल्याच आंगात आहे, पण आपलं आयकत नाही."

"म्हणजे आमच्या विणकर सोसायटीसारखंच," वासुदेवकाका म्हणाले. "आमचीच आहे, अन् आमचंच आयकत नाही."

प्राध्यापकही हसले. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

आधी प्रश्न झाले. चक्कर येते? नाही. उठताना अंधारी येते? नाही. छातीत धडधडतं? नाही. वर्गात हजेरी चालावी तसे एकामागून एक नाही, नाही, नाही. दादाची पाळी आली. मी त्याच्या कानाशी म्हटलं, "दादा, खरं सांग ना."

"खरं सांगून नोकरी भेटते काय वं?" तो पुटपुटला, आणि डॉक्टरांकडे बघून म्हणाला, "काहीच नाही साहेब. एकदम ठणठणीत."

मग मनगटांना आणि घोट्यांना गार मलम लावून पट्टे बांधले. यंत्रातून चौकटीचा गुलाबी कागद सरसर बाहेर येऊ लागला, त्यावर काळजाच्या ठोक्यांचे काटे. शांत पडा, कसलाही विचार करू नका, असं सांगितलं. काका रात्रभर सायकलरिक्षा ओढून, न झोपताच आले होते. ते लगेच घोरायला लागले. शिकाऊ डॉक्टर ओरडला, "अहो, झोपू नका!" काका दचकून म्हणाले, "साहेब, इचार नाही कराचा त मंग झोपच येते ना." मग खोल श्वास, घड्याळाकडे बघून, सावकाश आत, सावकाश बाहेर. मग एका नळीत फुंकून पारा वर ढकलायचा आणि तिथंच धरून ठेवायचा. गालांचे फुगे झाले, माना फुगल्या, डोळे लाल झाले.

मग बर्फाचं पाणी. त्यात हात घालायचा आणि सहन होईनासं झालं की सांगायचं. वेदनेनं रक्तदाब किती चढतो ते बघायचं होतं. नवतपातल्या दुपारी, वस्तीतून पायी आलेल्या माणसाला बर्फात हात घालायला सांगितलं. काकांचा चेहरा आधी असा खुलला की बर्फाचा गोळा मिळालेलं पोर बघावं. "दुसराबी हात टाकू काय साहेब?" सगळे हसले. थोड्या वेळानं बोटं पांढरी पडली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, दात आवळले गेले. हात काही निघेना. त्यांना वाटत होतं, जो आधी हात काढेल तो नापास.

"दुखतंय का?" शिकाऊ डॉक्टरनं विचारलं.

"मस्त वाटून राहिलं," काका दातांतून म्हणाले.

पारा वर चढत होता आणि तोंड हसत होतं. डॉक्टरनं पारा बघून लिहून घेतला.

शेवटी दादा. तो पडला होता तोवर सगळं नीट. "आता उठा, सरळ उभे राहा." दादा उभा राहिला. दंडाला पट्टा होता. डॉक्टरनं फुगा दाबला, नळी कानाला लावली, कपाळाला आठी घातली, पुन्हा दाबला. मी पाऱ्याकडे बघत नव्हते. दादाचा उजवा हात हवेत भिंत शोधत होता. ओठ राखेसारखे झाले होते. "काही नाही, काही नाही," तो म्हणत होता, "मी ठीक आहो." शिकाऊ डॉक्टरनं प्राध्यापकांना हाक मारली. प्राध्यापकांनी आणखी दोघा विद्यार्थ्यांना हाक मारली. दादाला पुन्हा झोपवलं, पुन्हा उभं केलं. पुन्हा तेच. ते इंग्रजीत बोलत होते, पण रात्रशाळेत शिकले असले तरी तेवढं इंग्रजी मला येत होतं. त्यांच्यातला एक जण म्हणाला, रक्तदाबाची ही घसरण किती सुंदर आहे.

मग पट्टे सोडले, दादाला लिंबूसरबत दिलं आणि सांगितलं, "झालं तुमचं. तुम्ही जाऊ शकता."

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या फेरीसाठी नावं आली. वासुदेवकाकांचं आलं, सगळ्यांचं आलं. दादाचं नाही. तो पाळीवरून आला, माठाजवळ बसला आणि मला विचारलं, "माह्यं नाव नाही लागलं, हो ना?" नोकरीत नापास झालो असंच त्याला वाटलं. त्या दुपारी मी विभागात गेले. शिकाऊ डॉक्टरनं सहज सांगितलं, "त्यांना वगळलंय. ते निरोगी गटात बसत नाहीत."

वगळलंय. हा शब्द घेऊन मी परत आले तेव्हा डोक्यावरचा दुपट्टा वाटेतच खडखडीत वाळला होता. म्हणजे त्यांना कळलं होतं. दोन उन्हाळे जॉबर ज्याला नाटक म्हणत होता ते त्यांनी पाऱ्यावर पाहिलं होतं, चारचौघांना बोलावून पाहिलं होतं. आणि ज्याच्या अंगातलं ते होतं तेवढ्या एकालाच कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दादाला घेऊन प्राध्यापकांच्या खोलीत गेले. वासुदेवकाका आपणहून आले, "दोन शब्द मीबी बोलीन" म्हणून.

प्राध्यापकांनी बसायला सांगितलं. माझं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, निरोगी माणसाची मापं पक्की झाल्याशिवाय आजारी माणूस ओळखायचा कसा? तुमच्या भावाचं माप त्यात धरलं असतं तर सगळंच चुकलं असतं. वगळणं भाग होतं."

हे म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त चीड आली.

"वगळा ना," मी म्हटलं. "पण त्याला सांगायचं कोणी?"

"आम्ही इथं उपचार करत नाही."

"सांगायला उपचार लागतो?"

"मी त्यांना विचारलं होतं, अंधारी येते का. ते नाही म्हणाले. खोटं त्यांनी सांगितलं."

"त्याला ही नोकरीची तपासणी वाटली, सर."

"नोकरी? नोकरीचं कोण बोललं?"

"तुम्ही. पाहिजेत असं तुम्हीच लिहिलंय."

मला वाटतं, त्या कागदाचा तसाही अर्थ होतो हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. तेवढ्यात वासुदेवकाका पुढं सरकले. "साहेब, नामदेवचंच काय घेऊन बसले? मलेबी अंधारी येते. रिक्षावरून उतरलो का जमीनच दिसत नाही. आमच्यात येत नाही कोणाले?"

दादानं त्यांच्याकडे पाहिलं. मला क्षणभर वाटलं, आता सगळे असेच एकेक येतील, खरं सांगतील, आणि ती गार खोली गप्प बसेल.

प्राध्यापकांनी लेखणी खाली ठेवली. "असं असेल तर तुम्हालाही वगळावं लागेल. मग तुम्ही निरोगी आहात असं मला म्हणता येणार नाही."

काकांचा चेहरा बदलला. "म्हणजे माह्या नावासमोर निरोगी नाही, असं येईन?"

"येईल."

"नाही नाही साहेब." काका हात जोडून उभे राहिले. "मी आपला नामदेवच्या बाजूनं बोलाव म्हणून बोललो. मले काही होत नाही. मले निरोगीच राहू द्या. लिहून देता आलं त चांगलं, कुठी दाखवाले कामी येते."

मी म्हटलं, "काका, काहून खोटं बोलून राहिले?"

"तू गप राह्य वं पोरी," ते म्हणाले. एवढ्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

प्राध्यापकांनी दोन्हींपैकी कोणतं खरं ते पुन्हा विचारलं नाही. काकांच्या मनगटाला पुन्हा पट्टे बांधले नाहीत, पुन्हा उभं करून पाहिलं नाही. त्या गार खोलीला एवढं पुरत होतं. त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक दादाची: उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो, उष्णतेच्या जागी काम देऊ नये. दुसरी काकांची: तपासणीत निरोगी. मग दादाला म्हणाले, "एकदम उठू नका. आधी पाय हलवा, थोडं बसून राहा, मग उभे व्हा. पाणी भरपूर प्या, त्यात चिमूटभर मीठ घाला." हे सांगायला त्यांना एक सरबत प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. पहिल्या दिवशी सरबताबरोबर हेच सांगितलं असतं तर? मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं म्हणून आता उपयोग नाही. त्यांना स्वतःला सुचायला हवं होतं.

गिरणीच्या दवाखान्यात चिठ्ठी चालली. दादा घडीच्या खात्यात गेला, जिथं तयार कापडाच्या घड्या घालतात. खिडक्या आहेत, वाफ नाही, बसून काम. आईनं शेवयांची खीर केली. दादा किती दिवसांनी असा हसला की त्याचे मागचे दात दिसले. आपण जिंकलो असं पत्रक मी काढलं, लाल शाईत.

ती शाई वाळेपर्यंत खळीच्या खात्यात दादाच्या जागी माणूस आला. जागा रिकामी ठेवायची सोय गिरणीत नसते. माणूस पाहिजे होता, निरोगी पाहिजे होता, आणि वासुदेवकाकांच्या खिशात तसा कागद होता. रिक्षा सुटली म्हणून ते खूश होते. गल्लीत शिरतानाच मला ओरडून म्हणाले, "पाह्य सुमे, मी म्हणलं नव्हतं? पाहिजेत म्हणजे कामच असते!" मी हसले. काय करणार होते?

लोक मला विचारतात, तुझा राग नक्की कोणावर? जॉबरवर? प्राध्यापकांवर? यंत्रावर? यंत्र तर सर्वांत खरं बोललं. जे दादाच्या तोंडून निघालं नाही ते त्याच्या अंगानं सांगितलं आणि यंत्रानं ते जसंच्या तसं उतरवलं. माझा राग त्या शब्दावर आहे, निरोगी. कोणाच्या तोंडून तो काढून घेतला, कशाच्या भीतीनं काढून घेतला, हे कोणी मोजलं नाही. ती मापं आता कुठल्यातरी जाड पुस्तकात असतील. निरोगी भारतीय प्रौढाचं काळीज उभं राहताना कसं चालतं, याचा वक्र कुठंतरी छापलेला असेल, आणि त्या वक्रात वासुदेवकाका दात आवळून बर्फात हात घालून बसलेले असतील.

त्याला आता हा तिसरा नवतपा. काल दुपारी काका पाळीवर निघण्याआधी आमच्या अंगणात आले. कडुलिंबाखाली दादा खाटेवर पडला होता. काका त्याच्या पायाशी बसले, इकडंतिकडं पाहिलं, आवाज उतरवला.

"नामदेव, उठतानी काय कराव लागते म्हणे गा? ते डॉक्टरनं तुले सांगितलं होतं ते."

दादा उठून बसला. आधी पाय हलवले, थांबला. "असं. आधी पाय. मंग घडीभर बसून राहाचं. मंग हळूच. अन् पाण्यात मीठ टाकाचं."

"हाव," काका म्हणाले. "अन् खात्यात? तिथं बसाले कोण देते?"

दादा त्या खात्यात सहा उन्हाळे काढून आला आहे, त्याला माहीत आहे. पिंपांपाशी बसायला काही नाही. बसलेला दिसला की जॉबर येतो.

पत्रक मी एरवी रात्री बसून लिहिते, ते तिथंच, दुपारी, त्या दोघांसमोर लिहिलं. नेहमी माझ्या पत्रकात मागण्यांची रांग असते. या वेळी एकच ठेवली: खळीच्या खात्यात बाकडं ठेवा, आणि अंधारी आली तर माणसाला त्यावर बसू द्या. वाचून दाखवलं. काकांनी नीट ऐकलं, मान हलवली, दुपट्टा माठाच्या पाण्यात बुडवून पिळला आणि डोक्याला बांधला.

"बराबर आहे," ते म्हणाले. मग फाटकापर्यंत जाऊन परत आले. "माह्यं नाव त नाही ना टाकलं वं त्याच्यात?"

"नाही काका."

"नको टाकू. निरोगी माणसाले बाकडं काहून पाहिजे, म्हणतीन."

आणि ते दुपारपाळीवर गेले.